सगळेच खेळाडू पलटणीकडे का धावतात? फ्रीसिव्हच्या सिनारिओतल्या टेक ट्रीचं नेहमीचं दुखणं

पानिपतनंतरचा काळ, म्हणजे १७६१ ते १८०३, घेऊन फ्रीसिव्ह या राज्य उभारायच्या फुकट संगणकी खेळात सिनारिओ (ठरावीक काळाचा, ठरावीक नकाशाचा डाव) बांधायला घेतला की एक तक्रार हटकून येते. नकाशा झकास असतो. पेशवे, शिंदे, होळकर, निजाम, म्हैसूर आणि कंपनी सरकार असे सहा खेळाडू मांडलेले असतात. टेक ट्रीत, म्हणजे एक शिकलं की पुढचं उघडतं अशा तंत्रांच्या झाडात, पंचवीसेक तंत्रं असतात. खेळ सुरू होतो आणि पंधरा-वीस टर्नमध्ये (खेळाच्या फेऱ्यांत) सहाच्या सहा जणांकडे कवायती पलटणी, म्हणजे युरोपीय शिस्तीचं पायदळ, उभ्या! मग घोडदळाला कोणी विचारत नाही, किल्ल्यांची फांदी सुकते, महसुलाची सुधारणा कोणी उघडूनही बघत नाही. तिसाव्या टर्नला निकाल लागलेला असतो.

मग बांधणारा काय करतो? तंत्रांची किंमत वाढवतो. आता डावाचे सगळे ८४ टर्न संपतात तरी कोणी कुठे पोचत नाही आणि सगळे भालाईत घेऊनच १८०३ ला येतात. किंमत पुन्हा कमी केली की पुन्हा पलटणी. हा झोका महिनोन्‌महिने चालतो आणि बहुतेक सिनारिओ इथेच अर्धवट पडतात. खाली जे लिहिलं आहे ते फ्रीसिव्ह ३.० च्या रूलसेटला, म्हणजे खेळाचे नियम ठेवणाऱ्या फाइलींना, धरून आहे. फाइलींमध्ये ही सगळी नावं रोमन लिपीत असतात, इथे ती देवनागरीत देतो.

आधी किरकोळ गोष्टी उरकून घ्या. टेक्स.रूलसेट या फाइलीत प्रत्येक तंत्राला रेक१ आणि रेक२ अशा दोनच पूर्वअटी देता येतात आणि दोन्ही पूर्ण व्हाव्या लागतात. ‘अ’ला ‘ब’ लागतो आणि ‘ब’ला फिरून ‘अ’ लागतो असं वर्तुळ झालं, तर सर्व्हर रूलसेट उचलतच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. एखादं जुनं तंत्र उडवलं पण एखादी इमारत, पलटण किंवा राज्यपद्धती अजून त्याचं नाव घेत असेल, तरी तेच. दुसरी एक गोष्ट मात्र मराठी सिनारिओवाल्यांना फार छळते. तंत्राचं नाव मराठीत लिहिलं आणि नंतर शुद्धलेखन सुधारलं, की जुनी जतन केलेली फाइल बिघडते, कारण ती नावावरूनच तंत्र ओळखते. रूल-नेम या वेगळ्या खान्यात एकदाच साधं इंग्रजी नाव द्या आणि ते जन्मात बदलू नका. नेम या खान्यात मग हवं तितकं मराठी सजवा. इमारती आणि पलटणींच्या फाइलींतही तेच रूल-नेम वापरायचं.

हे सगळं ठीक असूनही धावाधाव होत असेल, तर दुखणं किमतीच्या गणितात आहे. गेम.रूलसेटमध्ये टेक-कॉस्ट-स्टाइल नावाची ओळ असते. तिथे काय लिहिलं आहे हे न बघताच बरेच जण तिच्याखालचा बेस-टेक-कॉस्ट हा आकडा वरखाली करत बसतात.

‘लिनिअर’ पद्धतीत तंत्राची किंमत म्हणजे मूळ आकडा गुणिले त्या तंत्रापर्यंत पोचायला लागणाऱ्या एकूण तंत्रांची संख्या. मुळापासून मोजायचं आणि ते तंत्र स्वतःही धरायचं. या संख्येला आपण ‘खोली’ म्हणू. समजा पलटणीची फांदी अशी आहे: चकमकीची बंदूक, संगीन, कवायत, पलटण. खोली एक, दोन, तीन, चार. बेरीज दहा. मूळ आकडा २० असेल तर अवघ्या २०० बल्बांत (बल्ब म्हणजे संशोधनाचं माप) खेळातली सगळ्यात जबर फौज हातात. दुसऱ्या कोणत्याही फांदीला हात न लावता!

‘सिव्ह वन-टू’ पद्धत निवडली तर प्रकार आणखी वाईट होतो. तिथे किंमत तंत्राच्या जागेवर ठरत नाही, तुम्हाला आधी किती तंत्रं येतात त्यावर ठरते. सरळ पलटणीकडे धावणाऱ्याला तीच चार तंत्रं १ + २ + ३ + ४ म्हणजे दहा पटीत मिळतात. ज्याने आधी शहाण्यासारखी महसूल, किल्ले, रस्ते अशी दहा तंत्रं शिकली, त्याला मात्र तीच चार ११ + १२ + १३ + १४ म्हणजे पन्नास पटीत पडतात. बहुश्रुत माणसाला दंड आणि घोडदौड करणाऱ्याला बक्षीस. लहान झाडाच्या सिनारिओला ही पद्धत लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

‘क्लासिक’मध्ये खोलीत एक मिळवून त्या बेरजेला तिच्याच वर्गमुळाने गुणतात आणि दोनाने भागतात. चार खोलीच्या तंत्राला साधारण साडेपाच पट, वीस खोलीच्या तंत्राला अठ्ठेचाळीस पट. म्हणजे वरचा भाग फार महाग आणि बुंधा जवळपास तितकाच स्वस्त. मूळ खेळातल्या ८७ तंत्रांच्या झाडावर हे चढत जाणारे भाव शोभतात, कारण तो डाव शेकडो टर्न चालतो. पंचवीस तंत्रांच्या झाडावर त्याने फक्त टोक गोठतं. धावण्याची जागा बुंध्याशी असते आणि तिथे काहीच फरक पडत नाही.

म्हणून माझा कल ‘लिनिअर’कडे. त्यात गणित कागदावर करता येतं, आणि ते करावंच. प्रत्येक तंत्रापुढे खोली लिहा आणि सगळ्या खोल्यांची बेरीज घ्या. समजा ती १५० आली. आता टर्न मोजा. सहा महिन्यांचा एक टर्न धरला तर बेचाळीस वर्षांचे ८४ टर्न होतात. चाचणीच्या डावात मध्यम खेळाडू सरासरी तीसेक बल्ब दर टर्नला काढत असेल, तर सबंध डावात त्याच्याकडे सुमारे अडीच हजार बल्ब येणार. चांगल्या खेळाडूला झाडाचा दोन-तृतीयांश भाग दिसावा असं वाटत असेल, तर १५० चा दोन-तृतीयांश म्हणजे १००. अडीच हजार भागिले शंभर, मूळ आकडा २५. झालं. अंदाजाने चाळीस कर, वीस कर, असं करायची गरज उरत नाही. फक्त या किमतीला सर्व्हरवरचं सायन्सबॉक्स हे सेटिंग आणि इफेक्ट्स.रूलसेटमधला टेक-कॉस्ट-फॅक्टर असे दोन्ही गुणक लागतात हे विसरू नका. कोणीतरी सायन्सबॉक्स बदलून ठेवलेलं असतं आणि आपण उगाच झाडाला दोष देत बसतो.

इथेच एक जुना खड्डा आहे. पुष्कळ जण नवीन झाड बांधण्याऐवजी मूळ खेळाचंच झाड ठेवतात आणि अठराव्या शतकापर्यंतची चाळीसेक तंत्रं सुरुवातीलाच सगळ्यांना देऊन टाकतात. त्यासाठी गेम.रूलसेटमधली ग्लोबल-इनिट-टेक्स ही यादी वापरतात. वरवर सोयीचं दिसतं. पण खोली मोजताना आधी दिलेली तंत्रंही मोजली जातात. त्यामुळे पहिलंच नवं तंत्र कितीतरी पट किमतीला लागतं, आणि त्याच्यापुढचं त्याहून जेमतेम महाग. बुंधा आणि टोक यांच्या भावात फरकच राहत नाही. सगळं सारख्याच महागाईत असेल तर खेळाडू साहजिकच सगळ्यात मारक वस्तू उचलतो. उपाय कष्टाचा आहे पण एकच आहे: जुनी तंत्रं उडवा आणि १७६१ मध्ये सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टींना मूळ धरून नवं झाड लावा. उडवताना तंत्रांवरचे फ्लॅग (खास खुणा) तपासा. पूल बांधण्यासारखी कामं ठरावीक फ्लॅगवर अडलेली असतात, ते फ्लॅग दुसऱ्या तंत्राला द्यावे लागतात. बोनस-टेक हा फ्लॅग मात्र खुशाल काढून टाका. पहिल्या पोचणाऱ्याला एक तंत्र फुकट मिळतं, आणि पंचवीस तंत्रांच्या झाडात एक फुकट तंत्र म्हणजे सगळा हिशेब वाया.

फुकटाच्या बाकीच्या वाटाही बुजवायला हव्यात. शहर जिंकलं की तंत्र मिळण्याची टक्केवारी इफेक्ट्समधल्या कॉन्क्वेस्ट-टेक-पर्सेंट या नोंदीत असते. ज्या काळात ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली सारखी हात बदलत होती, त्या काळाच्या सिनारिओत ही नोंद जोरात असेल तर संशोधन कोणी करायचंच कशाला? तहात तंत्रांची देवाणघेवाण चालू ठेवायची की नाही हेही आधी ठरवा. टेक-लीकेज चालू असेल तर वकील ठेवलेल्या दरबारांना जे येतं ते तुम्हाला स्वस्त पडतं. ही गोष्ट मला या काळासाठी आवडते, कारण कवायती पायदळाचा सरदार इब्राहिमखान गारदी निजामाकडून पेशव्यांकडे आला तो आपली विद्या घेऊनच आला होता. पण लीकेज आणि शहरातून मिळणारी लूट दोन्ही एकदम नकोत.

इतकं केल्यावर वेग ताळ्यावर येतो. धावाधाव कमी होते, पण बंद होत नाही. आणि इथे मुळावरच बोट ठेवायला हवं.

आपण पलटण झाडात ठेवली, कारण टेक ट्री म्हणजे ज्ञानाची शिडी असं आपण धरून चालतो. पण या बेचाळीस वर्षांत कवायत कोणाला ठाऊक नव्हती? १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर इब्राहिमखानाचे गारदी हजारोंनी उभे होते. त्याआधी दख्खनमध्ये बुसीच्या फ्रेंच पलटणी सगळ्यांनी पाहिल्या होत्या. विद्या हिंदुस्थानात येऊन पोचलेली होती. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉयन या युरोपीय सेनानीला नोकरीत घेतलं तेव्हा सुरुवात दोन पलटणींनी झाली. पुढे त्यांचे मोठे कंपू (अनेक पलटणींच्या फौजा) झाले, १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथे राजपुतांवर त्यांनी जय मिळवला, १७९३ मध्ये लाखेरीला होळकरांची कवायती फौज मोडली. मधल्या वर्षांत नवं काय शिकले? फारसं काही नाही. नवं आलं ते पैसे आणि कारखाना. कंपूच्या खर्चासाठी दुआबातला मुलूख तोडून दिला गेला आणि शिपायाला पगार वेळच्या वेळी मिळू लागला. आग्र्याला तोफा ओतण्याचं काम उभं राहिलं, त्यावर सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर होता. उलट बाजूने पाहा: १७९८ मध्ये हैदराबादेतल्या फ्रेंच पलटणी कंपनीने मोडायला लावल्या, तेव्हा निजामाच्या लोकांच्या डोक्यातली कवायत पुसली गेली नाही. फौज गेली.

अडसर ज्ञानाचा नव्हता, तो खर्चाचा होता. आपण मात्र खर्चाचा अडसर झाडात तंत्र म्हणून बसवतो आणि मग ते तंत्र उथळ ठेवलं तर सगळे धावतात, खोल ठेवलं तर १८०३ पर्यंत कोणाला गारदीही मिळत नाही. पलटण कुठल्याही खोलीवर ठेवा, चुकीचीच बसते.

म्हणून पलटणीचं तंत्र मुद्दाम उथळ ठेवा, हवं तर पहिल्याच टर्नला सगळ्यांना देऊन टाका, आणि अडसर झाडाबाहेर काढा. फ्रीसिव्हमध्ये याची साधनं तयार आहेत. युनिट्स.रूलसेटमध्ये पलटणीला इम्प्र-रेक म्हणून ‘तोफांचा कारखाना’ ही इमारत लावा. ती इमारत त्याच शहरात असेल तरच तिथे पलटण उभी राहते. आता बिल्डिंग्स.रूलसेटमध्ये या कारखान्याची जात ‘स्मॉल वंडर’ करा. स्मॉल वंडर एका राज्यात एकच असतं, त्यामुळे शिंद्यांचे कंपू फक्त आग्र्यातून निघतील आणि आग्रा गेलं की नवे कंपू बंद. एका नोंदीने सबंध डावाचा स्वभाव बदलतो. शत्रूची तंत्रं मोजण्यापेक्षा त्याचा कारखाना कुठे आहे हे शोधण्यावर खेळाडूंचं लक्ष जातं.

त्यावर पगार. पलटणीला युके-गोल्ड या खान्यात दर टर्नला दोन-तीन मोहरा लावा आणि गेम.रूलसेटमध्ये गोल्ड-अपकीप-स्टाइल ‘नेशन’ करा, म्हणजे पगार शहराऐवजी राज्याच्या खजिन्यातून जाईल. इथे हमखास तक्रार येते: ‘खर्च लिहिला पण लागतच नाही.’ कारण खर्चाला इफेक्ट्समधला अपकीप-फॅक्टर गुणला जातो, आणि सोन्यासाठी तशी नोंदच नसेल तर गुणक शून्य धरला जातो. प्रत्येक राज्यपद्धतीसाठी सोन्याचा अपकीप-फॅक्टर एक ठेवा. मग काय होतं ते बघण्यासारखं आहे. जो धावत जाऊन आठ पलटणी उभ्या करतो त्याचा खजिना दहा टर्नमध्ये बसतो आणि फौज आपोआप मोडायला लागते. महसुलाची फांदी, जिच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं, ती अचानक सगळ्यांना हवीशी होते. तिला वेगळी लाडीगोडी लावावी लागत नाही.

काही जण हेच काम आडव्या जोडणीने करतात: पलटणीच्या रेक२ मध्ये ‘रोख सारा’ हे महसुलाच्या फांदीतलं तंत्र घालतात. रोख साऱ्याची फांदी सरळ सहा तंत्रांची असेल तर पलटणीची खोली चारावरून दहावर जाते आणि एकूण खर्च दहा पटींवरून सदतीस पटींवर. एखाद्या ठिकाणी हे चांगलं आहे. पण सवय लागली की प्रत्येक तंत्राला दुसऱ्या फांदीतलं काहीतरी लागतं आणि झाडाची सरळ काठी होते, फक्त काढताना फांद्या दिसतात. तपासायची सोपी खूण: चाळिसाव्या टर्नला दोन खेळाडूंकडची तंत्रं समोरासमोर लिहा. यादी जवळपास सारखीच आली तर काठी झाली आहे.

म्हैसूरच्या बाणांबद्दल, म्हणजे दारूच्या अग्निबाणांबद्दल, वेगळं लिहायला हवं, कारण तिथली चूक लक्षात यायला फार वेळ लागतो. १७८० मध्ये पोल्लिलूरला म्हैसूरच्या बाणांनी कंपनीला पोळवलं, म्हणून बांधणारे ‘बाण’ हे तंत्र म्हैसूरपुरतं ठेवतात. बाण तर मराठ्यांच्या फौजेतही होते. म्हैसूरचं वेगळेपण लोखंडी नळीत. तेव्हा ‘बाण’ सगळ्यांना द्या आणि ‘लोखंडी नळीचे बाण’ राखीव करा. त्यासाठी रूट-रेक आहे: ते मूळ तंत्र ज्याच्याकडे नाही, त्याला राखीव तंत्र लुटून, तहातून, कशानेही मिळत नाही. म्हैसूरला त्याच्या नेशन फाइलीतल्या इनिट-टेक्समधून एक छोटं मूळ तंत्र द्या आणि त्यालाच रूट-रेक करा.

आता खड्डा. रूट-रेक वारशाने खाली उतरतो. राखीव बाणांवर अवलंबून असलेलं ‘वेढ्याची दारू’ नावाचं सर्वांसाठीचं तंत्र ठेवलं, तर तेही बाकीच्या पाच जणांना कायमचं बंद. सर्व्हर काही बोलत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही. पेशव्यांचा खेळाडू पन्नासाव्या टर्नला विचारतो, ‘हे मला निवडताच का येत नाही?’ सर्वांसाठीचं तंत्र राखीव तंत्रावर टांगूच नका. टांगायचंच असेल तर त्याच्या स्वतःच्या रूट-रेकमध्ये ‘नन’ लिहा, म्हणजे वारसा तुटतो. पण तेवढ्याने भागत नाही. राखीव तंत्र रेक१ किंवा रेक२ मध्ये तसंच राहिलं असेल, तर ते मिळाल्याशिवाय बाकीच्यांना पुढचं संशोधन करताच येणार नाही. ती जागाही बदला.

रिसर्च-रेक्स नावाची दुसरी सोय आहे, ती फक्त स्वतः संशोधन करण्यापुरती अडवते, बाहेरून आलेलं अडवत नाही. ती राष्ट्रासारख्या सबंध डावात न बदलणाऱ्या अटींसाठी वापरा. डावात मधेच पूर्ण होणारी अट, उदाहरणार्थ एखादी इमारत, तिथे चालत नाही. घालून बघू नका, वेळ जातो.

‘हे किंवा ते’ अशी अट हवी असेल तर? एकाच तंत्राला फ्रेंच उस्ताद किंवा इंग्रज पळपुटा यांपैकी कोणीही चालावा, असं रेक१ आणि रेक२ ने होत नाही. दोन वेगळी तंत्रं आणि सारख्याच ताकदीच्या दोन वेगळ्या नावांच्या पलटणी करा. कुरूप आहे, पण टिकतं.

आरमाराची फांदी बहुतेक सिनारिओंत रिकामी राहते आणि ती टेक ट्रीची चूक नसते. १७५६ मध्ये विजयदुर्ग पडल्यावरही धुळपांनी पेशव्यांचं आरमार चालवलं, १७८३ मध्ये इंग्रजांचं रेंजर जहाजही धरलं. पण नकाशावर कोकणपट्टी चार घरांची असेल तर गलबतं बांधून करायचं काय? नकाशा वाढवा, नाहीतर ती फांदी छाटा.

बदल केल्यावर तपासणी दोन प्रकारांनी करा. आधी सर्व्हरवर सगळे खेळाडू यंत्राच्या ताब्यात द्या, एंड-टर्न ८४ ठेवा, टाइमआउट उणे एक करा आणि स्कोअरलॉग चालू करा. डाव आपोआप धावतो आणि कुठल्या टर्नला कोणाकडे किती तंत्रं होती ते फाइलीत उतरतं. कागदावर काढलेला वेग आणि हा वेग जुळतो का एवढंच त्यातून बघायचं. यंत्र माणसासारखं धावत नाही. तंत्रातून मिळणाऱ्या इमारती आणि पलटणी यांची किंमत लावून ते निवड करतं, त्यामुळे ज्यातून काहीच उघडत नाही अशी नुसती शोभेची तंत्रं ते मागे टाकतं, आणि तीही या यादीत उघडी पडतात. धावाधाव थांबली की नाही हे मात्र यंत्राकडून कळत नाही. त्यासाठी एका खोडसाळ मित्राला बसवा, त्याला सांगा की फक्त पलटणी गाठायच्या, बाकी काही करायचं नाही. विसाव्या टर्नला त्याचा खजिना रिकामा होऊन पलटणी मोडू लागल्या, तर पगाराचा आकडा बरोबर बसला आहे. तो तेव्हाही मजेत जिंकत असेल, तर युके-गोल्ड एकाने वाढवा आणि झाडाला हात लावू नका.